कामाच्या वेळा ठरवणाऱ्यांना : दोन नोकऱ्या आणि एका लहान मुलाच्या घरातून

प्रति,
आस्थापनांचे मनुष्यबळ अधिकारी, विभागप्रमुख, तसेच ड्यूटीचे तक्ते आणि बैठकांच्या वेळा ठरवणारे सर्व जण

विषय : लहान मुले असलेल्या नोकरदार आईवडिलांना कामाच्या वेळा आगाऊ कळवणे आणि ठरलेल्या वेळा पाळणे याबाबत.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

आई आणि वडील दोघेही नोकरी करतात अशा घरातील लहान मूल दिवसभर कोणाजवळ राहणार, हा त्या घराचा खासगी प्रश्न समजला जातो, आणि एका मर्यादेपर्यंत तो आहेही. मात्र त्याचे उत्तर ज्यांवर ठरते अशा बऱ्याच गोष्टी घराच्या हातात नसतात. त्या आपल्या हातात असतात. पुढील महिन्याचा ड्यूटी चार्ट कोणत्या तारखेला लागतो, चारची बैठक साडेपाचवर गेल्याचे किती वाजता कळवले जाते, रात्रपाळी संपल्यावर पुरेशी विश्रांती मिळते की लगेच दुपारपाळी लागते, अशा प्रत्येक निर्णयावर त्या दिवशी एखाद्या मुलाला आणायला कोण जाणार हे अवलंबून असते. हे निर्णय घेताना आपल्यासमोर ते मूल नसते, आणि ते सतत असावे अशी माझी अपेक्षाही नाही, कारण आपल्याला आस्थापना चालवायची आहे. तरीही आपल्या टेबलावरून निघालेला बदल घरी पोहोचल्यावर तिथे काय काय हलवावे लागते, याची कल्पना आपल्याला असावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी एका कार्यालयात काम करतो. माझी पत्नी फिरत्या पाळ्यांमध्ये काम करते. आमची मुलगी अजून शाळेच्या वयाची नाही. आमच्यासारखी घरे आपल्याही हजेरीपटावर असतील; त्यातील बहुतेक जण हा विषय आपल्यासमोर काढत नाहीत, कारण काढला तर कामात लक्ष नाही असा अर्थ घेतला जाईल अशी भीती त्यांना असते.

काम कमी करून मिळावे, ही माझी मागणी मुळीच नाही. आठ तासांची ड्यूटी, मधली अर्ध्या तासाची सुट्टी आणि जाण्यायेण्याचा प्रत्येकी एक तास धरला, तर माणूस साडेदहा तास घराबाहेर असतो. पाळणाघर दहा तास उघडे असेल, तर एकट्या माणसाला ते पुरत नाही. पण दोघांपैकी एकाने सकाळी उशिरा निघायचे आणि दुसऱ्याने संध्याकाळी लवकर पोहोचायचे असे ठरवले की ते पुरते. हा हिशेब ताणाचा आहे, तरी जमणारा आहे, आणि असंख्य घरे तो रोज जमवतात. तो फिसकटतो तो त्यातला एखादा आकडा ऐन दुपारी बदलला की. आठ तासांचे नऊ तास होणार हे आठवडाभर आधी कळले तर त्याची सोय करता येते. तेच तासाभराच्या अंतरावर कळले, तर जी सोय आधीच केलेली आहे तीही मोडते आणि नवी करायला वेळ उरत नाही.

आमच्या घरात अनिश्चितता दोन प्रकारची आहे, आणि मला वाटते बहुतेक घरांत यांपैकी एक तरी असतेच. पत्नीच्या पाळ्या कागदावर लिहिलेल्या असतात. तिची ड्यूटी कधी सुरू होते आणि कधी सुटते हे नेमके ठाऊक असते, परंतु तो कागद हातात उशिरा पडतो आणि हातात पडल्यानंतरही बदलतो. कोणी अचानक रजेवर गेले, की रात्री निरोप येतो की उद्या सकाळची पाळी करायची आहे. माझे उलट आहे. माझी वेळ नेमणूकपत्रात छापलेली आहे आणि ती कधीच बदलत नाही, फक्त ती संपत नाही. सकाळचा लेट मार्क यंत्र नोंदवते, संध्याकाळी किती वाजता सुटलो याची नोंद कोणी पाहत नाही. या दोन आस्थापना एकमेकींना ओळखत नाहीत, त्यांनी ओळखावे असे काही कारणही नाही. त्यांच्या वेळापत्रकांची गाठ पडते ती आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, रविवारी रात्री, दोन फोन समोर ठेवून. कोण सोडणार, कोण आणणार, मधला दीड तास कोणाकडे, गुरुवारी दोघांनाही सकाळी सातला निघायचे आहे तेव्हा काय, हे सगळे त्या बैठकीत ठरते. आठवड्यातील ही एकच बैठक अशी आहे जी आम्हाला पुढे ढकलता येत नाही.

अशा घरात एखादी साधी संध्याकाळ कशी उलटते ते सांगतो. साडेचारला निरोप येतो की आजचा आढावा सहाला होईल, सर्वांनी थांबावे. निरोप एका ओळीचा असतो. त्या दिवशी पत्नीची दुपारपाळी असते, त्यामुळे ती रात्रीपर्यंत मोकळी नसते, आणि मुलीला आणायचे काम माझ्याकडे असते. पाळणाघर साडेसहाला बंद होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, त्यात काय, शेजाऱ्यांना सांगावे, एखाद्या मित्राला पाठवावे. परंतु प्रवेशाच्या वेळी भरलेल्या अर्जात मूल कोणाकोणाच्या ताब्यात द्यायचे त्यांची नावे आणि फोटो द्यावे लागतात, आणि त्या यादीत नसलेल्या माणसाच्या हाती मूल सोपवायचे नाही हा तिथला नियम असतो. नियम योग्यच आहे. तो ढिला असता तर आम्ही तिथे मुलीला ठेवलेच नसते. मग यादीतील तिसऱ्या माणसाला, म्हणजे सत्तरीतल्या आजोबांना फोन जातो. त्यांना त्या संध्याकाळी डोळे तपासायला जायचे असते, ते ती वेळ रद्द करतात. बैठक सहाऐवजी सव्वासहाला सुरू होते आणि माझ्या विषयाला त्यात पाच मिनिटे मिळतात.

पाळणाघराने अर्धा तास जास्त थांबावे, असे सुचवणारे भेटतात. तिथे काम करणाऱ्या ताईसुद्धा नोकरीवरच असतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही. एका मुलासाठी पाळणाघर उघडे ठेवायचे, तरी दिवे, दार आणि मोठी माणसे सगळीच लागतात, आणि मुलांजवळ एकटीच व्यक्ती राहू नये म्हणून अनेक ठिकाणी दोघींना थांबावे लागते. त्या दोघींनाही घरी कोणी तरी वाट पाहणारे असते. कित्येकदा त्यांचेच मूल दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवलेले असते. माझ्या बैठकीचा उशीर असा एका घरातून दुसऱ्या घरात सरकत जातो, आणि शेवटी तो ज्याच्याकडे पोहोचतो त्याला ना त्या बैठकीशी काही देणेघेणे असते, ना त्या उशिराचा मोबदला मिळतो.

उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला तर काय होते, याचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. इस्राएलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांत तो झाला आणि उरी नीझी व आल्दो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. दहापैकी सहा पाळणाघरांनी उशिरासाठी दंड सुरू केला, तेव्हा उशिरा येणारे पालक कमी होण्याऐवजी वाढले, जवळपास दुप्पट झाले, आणि पुढे दंड रद्द केल्यावरही ते प्रमाण खाली आले नाही. दंडामुळे उशीर हा पैसे मोजून घेण्याचा हक्क झाला आणि ताईंना ताटकळत ठेवण्याचा संकोच संपला, असा त्याचा अर्थ सहसा लावला जातो, आणि तो पटण्यासारखा आहे. मला मात्र ते वाचताना दुसरीच गोष्ट खटकते. दंड ज्याच्या खिशातून गेला, त्या माणसाच्या हातात निघण्याची वेळ होती का, हे त्या दंडाच्या पावतीवर कुठेच लिहिलेले नसते. आणि बैठक लांबवणाऱ्याने तर ती पावती कधी पाहिलेलीच नसते.

पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांचा प्रश्न याहून कठीण आहे आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. पाळणाघरे बहुधा दिवसाच्या वेळेत चालतात. रात्री किंवा भल्या पहाटे मूल घेणारी जागा क्वचितच सापडते. म्हणून अनेक जोडपी मुद्दाम उलट पाळ्या मागून घेतात, म्हणजे एक बाहेर असताना दुसरा घरी असतो. कागदावर ही सोय उत्तम दिसते, कारण तीत पैसे लागत नाहीत आणि मूल कायम आईजवळ किंवा बापाजवळ राहते. प्रत्यक्षात रात्रपाळी करून सकाळी आठला आलेली आई आणि नऊला निघणारा बाप यांची भेट दारातच होते. बोलणे मुलाबद्दलच असते, औषध किती वाजता दिले, पोट साफ झाले का, दुपारी किती वाजता झोपवायचे. उरलेले एका चिठ्ठीवर लिहून कपाटाला लावलेले असते. त्यानंतर जिने रात्रभर काम केले आहे, तिच्यावर दिवसभर जागे राहायची पाळी येते, कारण दोन-तीन वर्षांचे मूल आई दमली आहे म्हणून शांत बसत नाही. दुपारी ते झोपले तर तासभर तिचाही डोळा लागतो. ड्यूटी चार्टवर त्या दिवशी तिच्या नावापुढे विश्रांती असे लिहिलेले असते.

त्यातच सलग दोन रात्रपाळ्यांनंतर एका दिवसाच्या अंतराने सकाळची पाळी लागली, तर बुडालेली झोप घरी भरून काढता येत नाही. हा फक्त त्या घराचा त्रास आहे असेही समजू नये. ती व्यक्ती पुढच्या पाळीत कोणाच्या तरी औषधाची मात्रा मोजणार असते, यंत्र चालवणार असते, गाडी हाकणार असते. तिची झोप कुठे गेली, हा प्रश्न त्या क्षणी आस्थापनेचाही होतो.

मूल आजारी पडते तेव्हा तर अगदी नीट बसवलेली व्यवस्थाही कोलमडते. पाळणाघरात जायला लागल्यावर सुरुवातीच्या काळात मुलांना सर्दी, ताप, जुलाब वरचेवर होतात हे कोणताही बालरोगतज्ज्ञ सांगेल. ताप आलेले मूल पाळणाघर ठेवून घेत नाही, इतर मुलांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, आणि म्हणून अकराच्या सुमारास फोन येतो की येऊन घेऊन जा. किरकोळ रजेसाठी पूर्वपरवानगी आवश्यक, असे आपल्या नियमांत लिहिलेले असते. पण तापाला पूर्वपरवानगीची सवय नसते. स्वीडनमध्ये मूल बारा वर्षांचे होईपर्यंत, ते आजारी असताना घरी राहिलेल्या आईला किंवा वडिलांना सामाजिक विम्यातून भत्ता मिळतो आणि त्याची मर्यादा प्रत्येक मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत आहे. एवढे औदार्य प्रत्येक देशाला किंवा प्रत्येक आस्थापनेला शक्य नाही, हे मला समजते. त्यातील विचार मात्र कोणालाही घेता येण्यासारखा आहे. लहान मुले आजारी पडणारच, हे तिथे आधीच गृहीत धरलेले आहे, आणि म्हणून दर वेळी पालकाला अपराध्यासारखे उभे राहून कारण सांगावे लागत नाही. आपल्याकडे मी असे पाहिले आहे की माणसे स्वतःलाच ताप आल्याचे कळवून मुलाजवळ थांबतात. खोटे बोलायला लावणारा नियम कोणाच्या उपयोगाचा आहे, याचा विचार आपण करावा.

या ठिकाणी एक बाप म्हणून थोडे वेगळे लिहितो. प्रवेशअर्जावर तातडीच्या संपर्कासाठी पहिला क्रमांक माझा दिलेला आहे, आणि तरीही फोन आधी पत्नीला जातो. ती कामात असेल आणि फोन उचलू शकली नाही, तर मग मला येतो. मी रजेचा अर्ज घेऊन गेलो की विचारले जाते, "घरी मिसेस नाहीत का?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण तोच प्रश्न तिच्या कामाच्या ठिकाणी तिला कोणी विचारत नाही. तिथे तिने जाणे गृहीतच धरलेले असते, आणि ते गृहीत धरलेले असल्यामुळेच बढतीच्या वेळी तिच्या नावापुढे प्रश्नचिन्ह येते. म्हणजे एका आस्थापनेने बापाला सोडले नाही, की त्याची किंमत दुसरी आस्थापना आपली चांगली कर्मचारी अर्धा दिवस गमावून मोजते. स्त्री कर्मचाऱ्यांच्या अनुपस्थितीबद्दल कुरकुर करणाऱ्या विभागप्रमुखांनी आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांच्या किती रजा नाकारल्या, हेही एकदा पाहायला हरकत नाही.

कायदेही या समजुतीतून सुटलेले नाहीत. भारतातील प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक केले, आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा दिली. तरतूद मोलाची आहे आणि जिथे ती खरोखर अमलात आली आहे तिथे तिचा उपयोगही होतो, परंतु ती मुभा आईला दिलेली आहे; त्याच इमारतीत बाप काम करत असेल तर त्याचा उल्लेख नाही. युरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेल्या निर्देशात याहून पुढचा विचार दिसतो. त्यात वडिलांना मुलाच्या जन्मावेळी किमान दहा कामाच्या दिवसांची रजा आहे, आई आणि वडील प्रत्येकाला चार महिन्यांची संगोपन रजा असून तीतील दोन महिने एकाने दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आणि मूल किमान आठ वर्षांचे होईपर्यंत कामाच्या वेळा सोयीच्या करून मागण्याचा हक्क दोघांनाही आहे. दोन महिने दुसऱ्याला देता न येण्याची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती नसती तर सगळी रजा पुन्हा आईच्याच वाट्याला गेली असती आणि बापाला विचारायचीही गरज उरली नसती.

आता आपल्या बाजूने सहसा जे उत्तर येते त्याकडे वळतो. घरून काम करण्याची मुभा दिली आहे, वेळा लवचीक केल्या आहेत, आणखी काय हवे, असे म्हटले जाते. घरून काम करता आल्याने प्रवासाचे दोन तास वाचतात आणि मुलाला वेळेवर आणता येते, हा फायदा खरा आहे, त्याबद्दल आभारच आहेत. मात्र घरी असणे आणि मूल सांभाळणे या दोन गोष्टी एकाच वेळी होत नाहीत. मुलगी मांडीवर असताना बैठकीत आवाज बंद करून बसलेला माणूस धड काम करत नसतो आणि धड मुलीजवळही नसतो. घरून काम करणाऱ्यालाही मूल सांभाळणारे दुसरे कोणी तरी लागतेच. लवचीक वेळांचेही तसेच आहे. दुपारी तासभर जाऊन या, रात्री भरून काढा, ही सवलत मी अनेकदा घेतली आहे आणि ती नसती तर माझे अडले असते. पण अनेक ठिकाणी लवचीकता फक्त एकाच दिशेने वाकते. रात्री साडेनऊला काम करायला माणूस मोकळा असतो असे एकदा दिसले की रात्री साडेनऊला कामे येऊ लागतात. जिची वेळ पाळीच्या भोंग्याशी बांधलेली आहे, तिला तर यांतील काहीच लागू नाही, आणि अशी माणसे संख्येने कमी नाहीत.

म्हणून माझा आग्रह सोयीसवलतींपेक्षा पूर्वसूचनेवर आहे. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०१७ मध्ये कायदा करून किरकोळ विक्री, हॉटेल आणि खाद्यसेवा या क्षेत्रांतील मोठ्या आस्थापनांना कामाचे वेळापत्रक आगाऊ लेखी देणे बंधनकारक केले. सुरुवातीला ही मुदत सात दिवसांची होती, २०२० पासून ती चौदा दिवसांची झाली, आणि त्यानंतर आस्थापनेने बदल केला तर कर्मचाऱ्याला जादा मोबदला द्यावा लागतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्याच आणखी एका निर्देशानुसार, ज्यांच्या कामाच्या वेळा अनिश्चित असतात अशा कर्मचाऱ्याला वाजवी पूर्वसूचना न देता बोलावले, तर त्याला ते काम नाकारता येते आणि त्याबद्दल त्याचे नुकसान करता येत नाही. या नियमांमागचे सूत्र मला आवडते. बदल करायला मनाई नाही, पण अचानक केलेल्या बदलाची किंमत ज्याने बदल केला त्याच्या हिशेबात धरली जाते.

यामुळे धंदा बसेल, अशी शंका घेतली जाते. 'गॅप' या कपड्यांच्या कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातील काही दुकानांत २०१५-१६ मध्ये संशोधकांनी एक प्रयोग केला होता, ज्यात कर्मचाऱ्यांच्या वेळा अधिक स्थिर केल्या, पाळ्या आपसांत बदलण्याची सोपी सोय दिली आणि काही जणांना आठवड्याचे किमान तास निश्चित मिळतील असे पाहिले. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या दुकानांची विक्री सुमारे सात टक्क्यांनी वाढली होती. दुकानातील अनुभव रुग्णालयाला किंवा कारखान्याला जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणणार नाही. पण ऐन वेळी बदललेले वेळापत्रक म्हणजेच कार्यक्षमता, हा समज तपासून पाहण्याइतपत तो पुरावा नक्कीच आहे.

दोन आक्षेप खरे आहेत आणि ते टाळून पुढे जाणे बरे नाही. पहिला असा की काही कामे स्वभावतःच अनपेक्षित असतात. आग लागते, अपघात होतो, रुग्ण येतात, आणि तेव्हा माणसाला थांबावेच लागते. माझी पत्नी अशा दिवशी थांबते आणि त्याबद्दल आमच्या घरात कधी तक्रार झालेली नाही. तक्रार आहे ती दर महिन्याला ठरल्यासारख्या येणाऱ्या आणीबाणीबद्दल. पाच माणसांच्या कामावर चारच माणसे नेमली, तर एकाची रजा हीसुद्धा आणीबाणी ठरते, आणि ती निर्माण करणारा निर्णय वर्षभर आधी, शांतपणे, अंदाजपत्रकात घेतलेला असतो. दुसरा आक्षेप ज्यांना मुले नाहीत अशा सहकाऱ्यांचा आहे. "तुला घरी कोणी वाट पाहणारे नाही, तूच थांब," असे त्यांना गृहीत धरले जाते, आणि त्यांचा राग मला योग्य वाटतो. कोणाचे आईवडील अंथरुणाला खिळलेले असतात, कोणी शिकत असते, कोणाला नुसतेच घरी जायचे असते. म्हणून मी पालकांसाठी वेगळा नियम मागत नाही. वेळापत्रक आधी कळण्याचा आणि ठरल्या वेळी सुटण्याचा नियम सर्वांना सारखा असावा. लहान मुले असलेल्यांची निम्म्याहून अधिक अडचण तेवढ्याने सुटेल असे मला अनुभवाने वाटते.

आपल्याकडून मला काय अपेक्षित आहे ते स्पष्टच लिहितो. पाळ्यांचा तक्ता किमान चौदा दिवस आधी लागावा. त्यानंतरचा बदल संबंधित व्यक्तीला विचारून व्हावा, आणि ती नाही म्हणाली तर त्याची नोंद तिच्या मूल्यमापनात होऊ नये. आपसांत पाळी बदलून घ्यायची असेल, तर त्यासाठी तीन सह्या आणि दोन दिवस लागू नयेत. रात्रपाळीनंतर किती तासांनी पुढची पाळी लावायची याची खालची मर्यादा ठरवून ती कागदावर लिहावी. कार्यालयांमध्ये कामाच्या शेवटच्या तासात नव्या बैठका ठेवू नयेत, आणि ठेवायचीच झाली तर आदल्या दिवशी कळवावी व संपण्याची वेळ सुरुवातीच्या वेळेइतकीच कटाक्षाने पाळावी. मुलाच्या आजारपणासाठी स्वतंत्र, थोड्या दिवसांची का होईना, रजा असावी, ती आई आणि वडील दोघांनाही मिळावी आणि फोनवरून कळवून घेता यावी. यांपैकी रजेला पैसा लागेल, हे मान्य आहे. बाकीच्या बहुतेक गोष्टींना थोडे आधी बसून नियोजन करावे लागेल.

बदल्यांबद्दलही लिहिले पाहिजे, कारण त्यांचा आदेश आला की महिन्यामहिन्याने बसवलेली सगळी व्यवस्था एका फटक्यात जाते. पाळणाघर नवे, सांभाळणारी माणसे नवी, आणि जोडीदाराची नोकरी मात्र जुन्याच गावात. कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८१ साली करार क्रमांक १५६ आणि त्यासोबत शिफारस क्रमांक १६५ संमत केली. बदली करताना जोडीदाराचे कामाचे ठिकाण आणि मुलांच्या शिक्षणाची सोय विचारात घ्यावी, तसेच पाळ्या आणि रात्रीचे काम नेमून देताना कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे येणाऱ्या गरजा पाहाव्यात, असे त्या शिफारशीत म्हटले आहे. शिफारस बंधनकारक नसते. ती अमलात आणायला कोणाची बंदीही नसते, आणि त्यासाठी वरून परिपत्रक येण्याची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही.

पुढील महिन्याचा तक्ता आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर आताच तयार होत असेल. तो लावण्यापूर्वी आपल्या विभागातील लोकांना एकदा विचारावे, की कोणती वेळ कोणाला अजिबात शक्य नाही आणि कोणती थोड्या ओढाताणीने का होईना जमण्यासारखी आहे. हा प्रश्न पुरुष कर्मचाऱ्यांनाही विचारावा, आणि ते संकोचाने काही अडचण नाही असे म्हणाले, तर आणखी एकदा विचारावा.

कळावे.

आपला विश्वासू,
एक नोकरदार बाप